सोड माका, सुगंधा!

आमच्या जोगेश्वरीच्या वस्तीत कुणालाही विचारा, गुणाजी घाडींना आजवर कुणी हरवलेलं नाही. अगदी खरं आहे. त्यांनीही आजवर कुणाला हरवलेलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. कारण भांडण हातघाईवर आलं की दर वेळी एक बाई मध्ये पडते, त्यांना मागून धरते, आणि ते "सोड माका, सुगंधा, सोड! आज ह्येका सोडूचंय नाय!" असं ओरडत घरात ओढले जातात. ती बाई म्हणजे मी. लग्न झाल्यापासून हेच करतेय. धुण्याभांड्यांइतकंच ते माझं काम आहे, आणि धुण्याभांड्यांसारखंच त्याचंही कुणाला कौतुक नाही.

आमचे हे अंगाने काडी. मरोळच्या इंडस्ट्रियल एरियात औषधांची पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे पॅकिंगला असतात. दिवसभर खोकी रचायची, बांधायची, टेम्पोत चढवायची. स्वभाव असा की मांजर आडवी आली तर थांबतात, अपशकुन म्हणून नाही, तिला घाई असेल म्हणून. रिक्षावाला "नहीं जाएगा" म्हणाला तर हेच त्याला सॉरी म्हणतात. एकदा केस कापताना कानाला वस्तरा लागला, तर रक्त पुसत "असू दे, असू दे" म्हणून त्या न्हाव्याचीच समजूत काढत बसले.

पण हाच माणूस वस्तीत भांडण झालं की वाघ होतो. कारण पिंजरा जवळ उभा आहे हे वाघाला पक्कं ठाऊक असतं.

यांच्या भांडणाला एक पद्धत आहे. आधी चष्मा काढून माझ्या हातात. मग घड्याळ. मग शर्टाच्या बाह्या वर, त्याही इस्त्रीच्या घडीने. मग चपला काढून कडेला, जोडीने. एवढं होईपर्यंत समोरचा निम्मा थंड झालेला असतो. त्यातूनही तो उरला तर गाऱ्हाणं. आम्ही घाडी. गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. जत्रा असो, लग्न असो, नवी विहीर असो, घाडी देवापुढे हात जोडून सगळं सांगतो आणि जमलेली मंडळी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या यांनी ते देवळातून काढून भांडणात आणलं. एवढ्या सगळ्यावरही समोरचा उभा राहिला, तर मग माझी पाळी.

धरायचं कसं, हे मला सासूबाईंनी शिकवलं. सासरे परळला गिरणीत होते, रागीट म्हणून तिथे त्यांचं नाव होतं, आणि ते नाव सासूबाईंनी त्यांना मागून धरून धरून कमावून दिलं होतं. मी नवी नवरी, हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं माशाचं तिखलं शिकवतायत.

"मनगट धरू नको गो, मनगट सुटता," सासूबाई म्हणाल्या. "कॉलर धरलंस तर शर्ट फाटता, आणि मगे शिवूक आपल्याकच लागता. बगलेखालसून हात घाल, छातयेर जुळव, आणि टाच रोव."

त्यांनी मला स्वतःला धरायला लावून दोनदा सरावही करून घेतला. मी आपलं भाबडेपणाने विचारलं, "आणि सोडलं तर?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवापुढची समई फुंकर मारून विझवली. म्हणाल्या, "आपल्या घरात पुरुषांक सोडनत नाय."

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या आजारी पडल्या. सासरे आधीच गेले होते. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "जल्मभर धरलंय मी त्यांका. पण सोडला असता तर ते खरेच गेले असते काय, ता माका कधी कळलाच नाय गो."

बस, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा किडा शिरला. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी मी कुणाला सांगितलेली नव्हती. धरणाऱ्याला सगळं कळतं. हे तोंडाने "सोड" म्हणतात, हात पुढे फेकतात, पण पाठ माझ्यावर रेललेली असते. मी टाच रोवते ती हे पुढे जाऊ नयेत म्हणून नाही, मागे पडू नयेत म्हणून. आता नवरा शूर असावा असा माझा काही हट्ट नव्हता. शूर नवरे मी वस्तीत पाहिलेत, आणि त्यांच्या बायकांचे सुजलेले गालही. पण एकदा, फक्त एकदा, मला बघायचं होतं. मी नसले धरायला, तर हा माणूस पुढे जातो की नाही?

तर गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी समोरच्या लवू परबने आपलं चपलांचं स्टँड आमच्या दाराकडे वीतभर सरकवलं.

लवू आमच्याच गावचा, यांचा शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे भांडण वरचेवर. चष्मा, घड्याळ, बाह्या, चपला सगळं झालं. लवू हलेना. यांनी हात जोडून वर बघितलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लवून आपला चपलांचा स्टँड माझ्या दारात सरकवल्यान..."

"व्हय म्हाराजा!" लवूच्या तोंडून निघून गेलं. बिचाऱ्याचा काय दोष? जन्मल्यापासूनची सवय. कोकणातल्या माणसासमोर "बा देवा म्हाराजा" म्हटलं की पुढचं आपोआप येतं.

"कोणाक इचारल्यान नाय, पुसल्यान नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"अशा ह्या मेल्याच्या टाळक्यात आता तूच काय तो उजेड पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." लवूने स्वतःचंच तोंड दाबलं. पण उशीर झाला होता. गुन्हा कबूल करून तो शिक्षेलाही मान डोलावून बसला होता. गल्लीत जो हशा पिकला, त्याने लवू खवळला आणि धावून आला. मी यांना धरलं, लवूच्या बायकोने, उत्तराने, लवूला धरलं. दोघं एकमेकांच्या नावाने शंख करत होते आणि आम्ही दोघी त्यांच्या खांद्यांवरून बोलत होतो.

"आज बांगडे कसे होते गं?" उत्तराने विचारलं.

"डोळे लाल होते. मी नाही घेतले," मी म्हटलं.

हे सगळं चालू असताना गल्लीच्या तोंडाशी दोन अनोळखी माणसं उभी होती. एक दाढीवाला तरुण, मऊ आवाजाचा. एक मुलगी, हातात मोबाईल धरून आमचं शूटिंग घेणारी. तो केयूर, सिनेमाचा दिग्दर्शक, मुलुंडचा. ती श्वेता, त्याची असिस्टंट. त्यांच्या सिनेमात एक साधा कारकून असतो, त्याच्या मागे गुंड लागतात आणि शेवटी तोच सगळ्यांना लोळवतो. त्या कारकुनाच्या घरासाठी ते आमच्यासारखी बैठ्या घरांची गल्ली शोधत होते.

"सर, हीच फाईट!" श्वेता नाचायचीच बाकी होती. "कारकून अशीच करेल ना फाईट!"

केयूर यांच्यासमोर येऊन चक्क वाकला. "काका, हे जे तुम्ही केलंत ना, झकास! आमच्या हिरोला शिकवाल का?"

यांनी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाशी बोलतोय की काय म्हणून.

बोलता बोलता खोक्यांच्या कारखान्याचा विषय निघाला. केयूरला शेवटच्या मारामारीसाठी नेमकं तसंच काहीतरी हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंदच असतो. मालकाने होकार दिला आणि आमचे हे सुट्टीच्या पहिल्याच दिवशी, अभ्यंगस्नान करून, मारामारी शिकवायला कामावर गेले.

हिरो म्हणजे उभं कपाट. चांगला पोरगा, पाया पडला यांच्या. त्याची अडचण वेगळीच होती. त्याला साधं उभं राहता येत नव्हतं. घाबरायचा सीन असला तरी छाती पुढे. मारायला हात उचलला की बरोबर नेम धरून, पाय रोवून, पैलवानासारखा. केयूर डोकं धरून बसलेला. हे मला रात्री जेवताना सगळं सांगायचे, सांगताना घास हातातच राहायचा.

"मी त्याला म्हटलं, आधी चष्मा काढायचा, फुटला तर नवा कोण देणार? मग बाह्या. मग मागे बघायचं."

"मागे कशाला?" मी विचारलं.

"त्यानेही हेच विचारलं. मी म्हटलं, धरायला कोणी येतंय का ते बघायला नको? तर म्हणतो, काका, आणि कोणी आलंच नाही तर?"

"मग काय सांगितलंत?"

यांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हटलं, मग आवाज वाढवायचा."

हिरो दोन दिवसांत असा काही घाबरायला लागला की केयूरने खूश होऊन यांनाच सिनेमात छोटा रोल दिला. कारखान्यातला पॅकर. गुंड येतो, पॅकर म्हणतो, "ए, हात लावायचा नाही!" आणि गुंडावर धावून जातो. गुंड त्याला उचलून खोक्यांवर ठेवतो. बस, एवढंच. पण आमच्या घरी जणू लग्न निघालं. आमची मुलगी दिशा मालाडला ऑफिसात आहे, तिने सगळ्या ग्रुपवर कळवलं. गावी देवळात खास गाऱ्हाणं घातलं गेलं. लवूने आपण होऊन चपलांचं स्टँड मागे घेतलं, म्हणाला, आता काय, ॲक्टरच्या दारात कसं ठेवायचं. आणि हे आरशासमोर उभे राहून प्रेशर कुकरला "ए, हात लावायचा नाही!" म्हणून दम द्यायला लागले. कुकरने शिट्टी दिली की दचकायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या औषधांची खोकी बांधणाऱ्या माणसाला एकदा मोठ्या पडद्यावर दिसायचं होतं, आणि मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू!

शूटिंगच्या दिवशी सकाळच्या तालमीतच वाट लागली. केयूर "ॲक्शन" म्हणाला. यांनी वाक्य म्हटलं, चष्मा काढला, मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. झालं, पाय जमिनीला चिकटले.

"काका, पुढे जा ना," केयूर म्हणाला.

"जातो की. पण धरणार कोण?"

मग श्वेताचा मला फोन आला. मी डबा घेऊन मरोळला पोचले, तर तिने मला कँटीनवाली बाई करून थेट फ्रेममध्येच उभं केलं. केयूरने मला समजावलं, "काकू, तुम्ही नेहमीसारखं धरा. मी 'सोडा' म्हटलं की सोडा. काका पुढे जातील."

सासूबाईंना जे जन्मभर कळलं नाही, ते मला दुपारच्या जेवणाआधी कळणार होतं.

आमच्या यांचा चेहरा तर पिठासारखा पांढरा. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सुगंधा, तू माका खराच सोडतलस?"

"दिग्दर्शकाने सांगितलंय."

"ता माका कळला. पण खराच?"

ॲक्शन. "ए, हात लावायचा नाही!" मी बगलेखालून हात घातले, छातीवर जुळवले, टाच रोवली. समोर गुंड झालेला धिप्पाड फायटर उभा, बिचारा मनातून यांच्याकडे कौतुकाने बघणारा. हे "सोड माका, सुगंधा!" ओरडले. केयूर म्हणाला, "सोडा!"

मी सोडलं. आणि हे धप्पकन मागे पडले. बुडावर.

सगळं युनिट हसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा मागे. पुन्हा, पुन्हा मागेच. त्या फायटरने शेवटी स्वतः पुढे येऊन यांना हात देऊन उठवलं. केयूर काही वाईट माणूस नाही. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, जेवून घ्या. जेवणानंतर एकदा बघू. नाहीच जमलं तर... दुसरं कुणी बघतो."

आम्ही दोघं एका कोपऱ्यात डबा उघडून बसलो. उत्तर मिळालं होतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं, तरी डोळे भरून आले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. एखाद्या माणसाला इतकी वर्षं मागून धरावं, आणि सोडल्यावर त्याने मागेच यावं!

"तू मागे असायचीस ना," हे भात कालवत म्हणाले, "म्हणून पुढे बघायची वेळच आली नाही गो."

"जेवा," मी म्हटलं. ते डबा अर्धा टाकून चहाच्या टेबलाकडे गेले.

आता सुयोगबद्दल सांगायला हवं. सुयोग हा प्रोडक्शनचा माणूस. उंच, जाडजूड, हातात वॉकीटॉकी, आणि तोंड असं की सकाळपासून कुणाशी सरळ बोलला नव्हता. चहापाणी देणाऱ्या स्पॉटदादांना "ए", मेकअपवाल्यांना "ए", मला "ए बाई". त्याला जपायची होती एक भिंत. हिरोच्या शेवटच्या मारामारीसाठी कारखान्याच्या पोरांनी सकाळभर खपून रिकाम्या खोक्यांची छतापर्यंत भिंत रचली होती. ती एकदाच पडायची होती, हिरोच्या एका बुक्क्याने, तीन कॅमेऱ्यांसमोर.

मी डबा आवरत होते. सोलकढीच्या भांड्याचं झाकण घरंगळत त्या भिंतीपाशी गेलं. मी उचलायला वाकले.

"ए बाई! तिकडे कुठे कडमडतेस? चल, हट!" सुयोग मागून आला आणि त्याने मला खांद्याला धरून ढकललं.

तो काही मला पाडायला आला नव्हता, हे मी आजही सांगते. पण माझा पाय जमिनीवरच्या वायरीत अडकला आणि मी आडवी झाले. कोपर सोलपटलं. सोलकढी सगळी साडीवर. जेवण चालू होतं, सगळ्यांच्या माना वळल्या, आणि सगळ्यांचे घास होते तिथेच थांबले.

मी पडल्या पडल्या सवयीने यांच्याकडे बघितलं. आता चष्मा काढतील. द्यायला मी जवळ नाही, तर कुठे ठेवतील, असाच विचार माझ्या मनात आला, बघा.

यांनी चष्मा काढला नाही. घड्याळ काढलं नाही. बाह्या खालीच, चपला पायातच. गाऱ्हाणं नाही, देव नाही, म्हाराजा नाही. चहाचा कप तेवढा नीट टेबलावर ठेवला, आणि मागे न बघता, खाली मान घालून, टक्कर द्यायला निघालेल्या बोकडासारखे सुयोगच्या पोटावर धावून गेले.

दोघं मिळून गेले ते थेट भिंतीत. सकाळभर रचलेली भिंत क्षणभर डुलली आणि मग अख्खी खाली आली. खोकीच खोकी. कारखानाभर धडधड आवाज, आणि ढिगाखालून सुयोगचा वॉकीटॉकी "सुयोग, काय झालं? ओव्हर" असं विचारतोय. सुयोग आधी वर आला. त्याने यांच्या एक सणसणीत कानाखाली दिली. चष्मा उडाला. मी म्हटलं, संपलं. तर हे पुन्हा उठले, आणि हाताला लागेल ते खोकं उचलून त्याला मारायला लागले. औषधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याने माणसाला काय लागणार? फट्, फट्, नुसता आवाज. पण हे मारत होते, आणि दर खोक्याला विचारत होते, "माझ्या बायलेक हात लावतस? हात लावतस?"

चष्म्याशिवाय निम्मी खोकी हवेत जात होती. एक खोकं बाजूला उभ्या असलेल्या त्या गुंड झालेल्या फायटरला लागलं, तर तो सॉरी म्हणून मागे सरकला. हिरो ताट हातात घेऊन आ वासून उभा. कुणी मध्ये पडेना. निम्म्यांना वाटलं तालीम चाललीय.

मध्ये कोण पडणार, हे ठरलेलंच होतं. मी उठले. साडीवर सोलकढी, कोपराला रक्त. मागून गेले. बगलेखालून हात घातले, छातीवर जुळवले, टाच रोवली.

आणि टाच घसरली.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी माझ्या सगळ्या वजनानिशी मागे झुकले होते, आणि तरी हा काडीसारखा माणूस मला ओढत पुढे घेऊन चालला होता. मी खोक्यांवरून फरफटत गेले. माझ्या डाव्या खांद्यात काहीतरी कट्ट करून वाजलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सोड माका, सुगंधा! सोड!"

शब्द तेच. पण आजवर ते गल्लीला ऐकवायचे असायचे. या वेळी ते मला सांगत होते.

मी सोडलं नाही. सुयोगची दया आली म्हणून म्हणा हवं तर. खरं सांगायचं तर मला ते ओढणं अजून थोडा वेळ हवं होतं. मी रडत होते आणि हसतही होते, आणि कारखान्यातली पोरं समजली की काकूंना फार लागलंय.

केयूर धावत आला. त्याने यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे वळून ओरडला, "घेतलं? घेतलं का रे?"

कॅमेरामन हातात कांदाभजी घेऊन उभा होता. जेवणाची सुट्टी. तिन्ही कॅमेरे बंद.

केयूर मटकन खोक्यांवर बसला. मग उठून त्याने सुयोगला माझी माफी मागायला लावली. सुयोगने मागितलीही, नीट मागितली, यांची नजर चुकवत. पण भिंत पुन्हा रचायची होती, दिवस वाया गेला होता, आणि वरून फोन आला की युनिटच्या माणसावर हात उचलणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर ठेवायचं नाही. पॅकरचा रोल दुसऱ्याला गेला. केयूरने सॉरी काका, सॉरी काका म्हणत आम्हाला रिक्षात बसवून दिलं.

रिक्षात बसल्यावर यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. आता! सगळं झाल्यावर! चष्म्याची एक काच गेली होती, दुसऱ्या काचेतून माझ्याकडे बघत म्हणाले, "लागला काय गो तुका?"

"नाय," मी म्हटलं. खांदा तोवर टम्म सुजला होता.

"गावाक काय सांगू आता? देवळात गाऱ्हाणा घातल्यानी ते."

"सांगा, सीन कापला."

त्यांनी मान हलवली. मरोळचा सिग्नल गेला, जोगेश्वरीचं वळण आलं, तरी मी त्यांचा हात धरून बसले होते. मनगटच धरलं होतं, सासूबाईंची माफी मागून.

वस्तीत मी सगळ्यांना सांगितलं. चष्मा न काढता गेले, मागे न बघता गेले, भिंत पाडली, सगळं. तर कुणाला नवलच वाटेना. "घाडीकाका म्हणजे काय विचारता काकू, त्यांना कधी कुणी हरवलंय का?" ज्याने जन्मात एकदाच मारामारी केली, त्याची ती एकच मारामारी नेहमीच्यात जमा झाली. लवू तर म्हणाला, "त्यात काय, तू धरलंस म्हणून वाचला तो सुयोग." आता या मेल्याला काय समजावणार?

सिनेमा लागला तेव्हा दिशाने मालाडला तिकिटं काढली. आम्ही तिघं, लवू आणि उत्तरा. पडद्यावर हिरोने चष्मा काढला, बायकोच्या हातात दिला. घड्याळ दिलं. बाह्या इस्त्रीच्या घडीने वर घेतल्या. मागे वळून बघितलं. अख्खं थिएटर हसत सुटलं, लवू तर खुर्चीवरून पडायचा राहिला. हे तेवढे हसत नव्हते, पुढे वाकून बघत होते, शिष्याच्या परीक्षेला आलेल्या मास्तरांसारखे.

मग पडद्यावरची बायको धावत आली आणि तिने नवऱ्याचं मनगट धरलं. मनगट! माझ्या तोंडून च्च निघालं.

हे माझ्या कानाशी वाकले. "हिका धरूक येणा नाय," म्हणाले.

पॅकरच्या रोलमध्ये दुसराच कुणीतरी होता. वाक्य छान म्हटलं त्याने, पुढेही छान धावून गेला. यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग माझ्या डाव्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून उजव्या बाजूला येऊन बसले.

तो खांदा अजून दुखतो. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर नेला की कळ येते. दिशा मागे लागलीय, आई, डॉक्टरला दाखव. डॉक्टरला काय दाखवायचाय? सासूबाई असत्या तर त्यांना दाखवला असता.